ब्रेक लागतात, पण गाडी थांबत नाही: जुन्या एमजीबीचं तीनदा परत आलेलं दुखणं

मे महिन्यातली दुपार होती. कन्नडहून चाळीसगावकडं औट्रम घाट उतरत होतो. पुढं कांद्याचा ट्रक, त्यामुळं प्रत्येक वळणावर ब्रेक. शेवटून दुसऱ्या वळणावर पेडल दाबलं आणि ताज्या पावात पाय रुतावा तसं ते थेट खाली गेलं. भराभर चार वेळा पंप केलं, कसाबसा दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी कठड्याच्या हातभर अलीकडं उभी राहिली. शेजारी बसलेल्या पुतण्यानं दार उघडून उडी मारली होती. ती गाडी थांबायच्या आधी की नंतर, यावर घरात अजून एकमत नाही.

गंमत पुढंच आहे. अर्धा तास सावलीत थांबलो, तर पेडल परत जागेवर. वर, टणक, जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत खाली आलो आणि पहिल्या दिसलेल्या गॅरेजमध्ये शिरलो. तिथल्या पोरानं पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ब्रेक तर ओके आहेत, काका."

गाडी आहे 1966 सालची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश दोन सीटची स्पोर्ट्स कार. दिल्लीतल्या वकिलातींच्या परदेशी गाड्या त्या काळी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, त्यातली ही. आजोबांची जिनिंग जोरात चालायची तेव्हा घरात आली. रंग गडद हिरवा, बसकी ठेवण, म्हणून गल्लीतली पोरं तिला बेडकी म्हणतात. पुढं 10.75 इंची डिस्क, मागं 10 इंची ड्रम. बूस्टर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चारही चाकांना मिळून ब्रेकच्या तेलाचं एकच सर्किट. आजच्या गाडीत एक लाइन गेली तर निदान दुसरी दोन चाकं धरतात. इथं एक पाइप फुटला की चारही गेले. हे माहीत असूनही मी पुढची दीड वर्षं या ब्रेकमागं चुकीच्या दिशेनं धावलो. तुमच्याकडं एमजीबी असो, हेराल्ड असो नाहीतर साधी पद्मिनी, ही धावपळ तुमची वाचावी म्हणून सगळं लिहितोय.

माझी पहिली चूक पाना उचलण्याच्या आधीची आहे. प्रत्येक मेकॅनिकला मी एकच वाक्य सांगत होतो: "ब्रेक कमजोर आहेत." त्यावर प्रत्येकानं आपापल्या सवयीचा इलाज केला. एकानं एअर काढली (तेलात अडकलेली हवा), दुसऱ्यानं मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलनं चालणाऱ्या तेलाच्या पंपाला, नव्या रबरांचं किट टाकलं, तिसऱ्यानं डिस्क पकडणारे पॅड बदलले. पोट दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर कुठं दुखतंय, केव्हा दुखतंय असं विचारतो. माझ्या गाडीला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

विचारलं ते आबांनी. आबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले, आता अंगणात कडुनिंबाखाली एक पत्र्याची शेड आणि हत्यारांची पेटी एवढंच दुकान. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाले, "भाऊ, पहिले पायले इचार. पाना मंग." आणि मला गाडीत बसवून पेडल दाबायला लावलं. एकदा सावकाश. मग दोनदा पटापट. मग दाबून धरायला सांगून मिनिटभर घड्याळ बघत बसले.

पाय काय सांगतो ते असं. पहिल्या दाबात पेडल खोल जातं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि टणक लागतं: तेलाची भानगड नाही, ड्रमला आतून घासणारे शू आणि ड्रम यांतलं अंतर वाढलंय. दुसऱ्यांदा वर येतं पण स्प्रिंगसारखं लवतं: आत हवा आहे. पायाचा दाब तसाच ठेवला आणि पेडल हळूहळू, मुंगीच्या पावलानं खाली सरकत गेलं, बाहेर मात्र तेलाचा थेंब नाही: मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत तेल सोडतंय. पेडल वर आहे, दगडासारखं टणक आहे आणि गाडी तरी पुढं जातेच आहे: तेलाचा दाब चाकापर्यंत पोचत नाही, किंवा पोचतो पण पॅडची पकड नाही. हा शेवटचा प्रकार लोक हमखास "एअर"वर ढकलतात. हवा असेल तर पेडल टणक लागणारच नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी दोन लिटर तेल वाचतं.

आता माझ्या गाडीचं. तिला हे दुखणं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा पायाची तक्रार वेगळी होती.

पहिली वेळ घाटातली. थंड असताना ठणठणीत आणि तापल्यावर गायब, याचा अर्थ तेल उकळलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, डबा बंद असला तरी रबरी होजमधून ओढतं. डॉट 3 नवं असताना साधारण 205 अंशांना उकळतं, 3.7 टक्के पाणी शिरलं की 140 अंशांना. डॉट 4 चे तेच आकडे 230 आणि 155. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं. थंड झालं की वाफेचं परत तेल होतं आणि गॅरेजमधला पोरगा "ओके" म्हणतो. माझ्या गाडीतलं तेल शेवटचं कधी बदललं होतं ते मला आठवेना, म्हणजे उत्तर मिळालंच. बाहेर काढलं तेव्हा रंग उकळलेल्या चहाचा होता.

पूर्ण तेल काढून सीलबंद डब्यातलं डॉट 4 भरलं. आपल्याकडं पावसाळ्यात हवा ओली, त्यामुळं अर्धवट वापरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही. दर दोन वर्षांनी तेल बदलायचं, गाडी चालली असो वा नसो. उजव्या स्टिअरिंगच्या एमजीबीला एअर काढायचा क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं, म्हणजे मास्टरपासून लांबचं आधी. कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं) निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, वरच्या बाजूला आहे ना, तेही बघा. डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल होऊन निपल खाली आलं तर हवा वरच अडकून बसते, मग जन्मभर पंप मारत राहा. आणि हे तेल रंग खातं. बेडकीच्या मडगार्डवर तळहाताएवढा डाग आहे, तो माझ्याच घाईचा.

सिलिकॉनचं डॉट 5 टाका असा सल्ला जुन्या गाडीवाल्यांकडून हमखास मिळतो. ते पाणी ओढत नाही, रंगही खात नाही, हे खरं. पण बारीक बुडबुडे धरून ठेवतं, पेडल जरा स्पंजी लागतं आणि साध्या तेलात मिसळून अजिबात चालत नाही. त्यात डॉट 5.1 नावाचं निराळंच तेल आहे, ते सिलिकॉनचं नाही. नावं ठेवणाऱ्यानं काय विचार केला देव जाणे. मी डॉट 4 वरच आहे.

तीन आठवडे बरे गेले. मग दुसरी तक्रार: पहिल्या दाबात पेडल खोल, दुसऱ्यात वर. तेव्हा आबा भेटले नव्हते. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली, त्यांनी मास्टर सिलिंडर खोलला, किट टाकलं, चारही चाकांची एअर काढली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी होतं तिथंच. पुन्हा एअर. पुन्हा बिल. वर 12चा पाना लावून त्यांनी मागच्या निपलचे कोपरे गोल करून ठेवले. ब्रिटिश गाडीला तिथं 7/16 लागतो, म्हणजे 11.1 मिलिमीटर, 11चा बसत नाही आणि 12चा घसरतो. हा एक पाना विकत घेऊन स्वतःच्या डिकीत ठेवा.

आबांनी हे दुखणं पाच मिनिटांत पकडलं, तेही गाडीखाली न जाता. मला म्हणाले, हँडब्रेक पूर्ण ओढ आणि मग पेडल दाब. दाबलं. पेडल वर! हँडब्रेक सोडून दाबलं, परत खोल. हँडब्रेक फक्त मागच्या शूंना ड्रमपर्यंत ढकलतो. तो ओढल्यावर पेडल वर येत असेल तर वाया जाणारा सगळा प्रवास मागच्या शूंचा आहे. पुढच्या डिस्कला असं अंतर पडत नाही, ती आपोआप जुळवून घेते. मागचे ड्रम मात्र हातानं आवळावे लागतात.

मागच्या प्रत्येक ड्रमच्या पाठीमागच्या प्लेटवर चौकोनी डोक्याचा एक ॲडजस्टर असतो. पुढच्या चाकांना उटी (अडसर) लावायची, गाडी स्टँडवर घ्यायची (नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, लाकडी ठोकळे तरी द्या), हँडब्रेक सोडायचा, आणि चाक हातानं फिरेनासं होईपर्यंत ॲडजस्टर आवळायचा. मग एकेक टिक मागं, चाक जेमतेम मोकळं होईपर्यंत. इथं एक पायरी सगळे विसरतात: आवळल्यावर दोनदा जोरात पेडल दाबायचं, म्हणजे शू ड्रमच्या मध्याला बसतात, आणि मग परत तपासायचं. बहुतेकदा अजून एक टिक मिळते. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. ढिले शू झाकायला आधी केबल ओढून घेणं हा आपल्याकडचा आवडता शॉर्टकट, आणि माझ्या गाडीवर कुणीतरी तो केलेला होताच.

माझे दोन्ही ॲडजस्टर गंजून दगड झाले होते, म्हणून कुणी हात लावला नव्हता. दोन रात्री गंज सोडवायचं तेल मारत ठेवलं, तिसऱ्या दिवशी डावा हलला. उजवा हलला नाही, त्याचं चौकोनी डोकंच तुटलं. ड्रम काढला. शूवरचे लायनर झिजून रिव्हेटला टेकलेले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून तिथली धूळ फुंकून किंवा कंप्रेसरनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. शू धुळ्याहून नवे लायनर चढवून आणले. बसवले, आवळले, आणि ब्रेक पहिल्यापेक्षा वाईट!

आबा हसले. नव्या लायनरवर त्यांनी शाळेचा खडू घासला, ड्रम चढवला, चाक फिरवत ब्रेक दाबायला लावला आणि ड्रम परत काढला. खडू पुसला गेला होता तो फक्त मधल्या दोन बोटांएवढ्या पट्टीत. दोन्ही टोकं पांढरीच. लायनरची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळत नव्हती. शू मधे टेकायचा आणि दाब वाढला की टोकांकडं वाकायचा. पायाला तो लवचिकपणा हवेसारखा लागतो. म्हणजे यानंतर मी पुन्हा एअर काढली असती, आणि पुन्हा काही निघालं नसतं. आबांनी शू लाकडावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरवर घासून, खडू लावून, परत घासून अशी चार आवर्तनं केली. शेवटी खडू जवळपास टोकापर्यंत पुसला गेला. उजवीकडं नवा ॲडजस्टर बसवला. पेडल वर आलं आणि तिथंच राहिलं.

एवढ्यावर लेख संपायला हवा होता. पण दिवाळीनंतर पारोळ्याला लग्नाला गेलो आणि तिसरी तक्रार सुरू झाली. पेडल उंच, टणक, आणि गाडी थांबायला तयार नाही. बूस्टर नसलेल्या गाडीला पाय जरा जास्तच लागतो, ते धरूनही हे फार होतं. एका पाहुण्यानं लगेच सुचवलं, मारुतीचा बूस्टर बसवून टाका. बूस्टर पायाचे कष्ट कमी करतो. पकडच नसलेल्या पॅडला तो पकड देत नाही. आधी मूळ ब्रेक नीट करा, मग पाय दुखत असेल तर बूस्टरचा विचार करा.

या वेळी मी पायाला नीट विचारलं, आणि स्टिअरिंगलाही. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं ओढायची. सोडला की किंचित डावीकडं. हे उलटसुलट ओढणं मी कित्येक महिने रस्त्याच्या उतारावर ढकलत आलो होतो. आबांना सांगितलं तर त्यांनी थेट पुढच्या डाव्या चाकाकडं बोट दाखवलं. पाहिलं तर खरंच: पाच किलोमीटर चालवून आल्यावर तापमान मोजायच्या बंदुकीनं उजवी डिस्क 80च्या आसपास, डावी 140च्या वर. बंदूक नसेल तर पाण्याचे चार थेंब टाका. एकीकडं पाणी नुसतं वाळतं, दुसरीकडं चर्र होतं.

चाक उचललं. पेडल दाबून सोडलं, चाक फिरवलं, जड. अडकलंय हे नक्की, पण पिस्टन अडकलाय की पाइप? त्याची परीक्षा सोपी आहे. कॅलिपरचं निपल जरासं सोडा. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपर बरा आहे. दाब आत कोंडलेला होता. चिळकांडी नाही आणि चाक तसंच जड, तर पिस्टन गंजलाय. माझ्याकडं चिळकांडी उडाली, ती सरळ आबांच्या चष्म्यावर. तरी एक शंका राहतेच: कोंडलेला दाब मास्टरमुळंही असू शकतो, त्याचं परतीचं भोक बंद असेल तर. पण मग चारही चाकं जड व्हायला हवीत. इथं एकच होतं.

आबांनी तो रबरी होज काढून कापला आणि माझ्या हातात दिला. बाहेरून काळाभोर, भेग नाही, ओल नाही. "हाऊ पाइप बाहेर चांगला दिखस, मझार बंद शे." आतलं रबर फुगून भोक सुतळीच्या टोकाएवढं राहिलं होतं, आणि एक पापुद्रा झडपेसारखा लोंबत होता. पाय जोरात दाबला की थोडं तेल रेटून आत जायचं, पण पूर्ण दाब वेळेत पोचायचा नाही, म्हणून डावं चाक कमी धरायचं आणि गाडी उजवीकडं जायची. सोडल्यावर पापुद्रा बंद, तेल परत येईना, डावं चाक घासत राहायचं. घासून पॅड तापून काचेसारखे चकाकले होते. त्यांच्यावरून नख फिरवलं तर ओरखडा उठेना.

आणि तेव्हा मला घाटातला तो मे महिना आठवला. तेल जुनं होतं हे खरं, पण ते उकळवलं कुणी? याच पायपानं, सपाट रस्त्यावरही चाक धरून ठेवून. मी तेल बदललं आणि चूल तशीच पेटती ठेवली.

होज तिन्ही एकदम बदलले: पुढचे दोन, आणि मागं ॲक्सलला जाणारा एक. एक आतून सुजला असेल तर बाकीचे त्याच वयाचे आहेत. बाहेरून मागवले. इथं एक धोका आवर्जून सांगतो. या गाडीच्या पाइपांचा आटा 3/8 इंची यूएनएफ, इंचाला 24 फेरे. आपल्याकडच्या मेट्रिक गाड्यांचा 10 मिलिमीटर, 1 मिलिमीटर पिच. 3/8 म्हणजे 9.5 मिलिमीटर, त्यामुळं हा नट मेट्रिक भोकात बिनतक्रार शिरतो, दोन फेरे आवळल्यासारखाही वाटतो, आणि जोरात ब्रेक मारल्यावर निसटतो. एका सर्किटच्या गाडीत. "बसतंय की!" असं कुणी म्हणालं तर पाना त्याच्या हातातून काढून घ्या.

पिस्टन बरे असले तरी कॅलिपरला नवे सील टाकलेच. पिस्टन बाहेर काढायचे तर होज सोडायच्या आधी पेडलच्या दाबानंच ढकलून घ्या, नंतर पकडीनं ओढत बसलात तर चरे पडतात. कॅलिपरचे दोन अर्धे एकमेकांपासून सोडवू नका, गरज नसते. रबराला पेट्रोल, रॉकेल, डिझेल, साधं ग्रीस यातलं काहीही लागू देऊ नका, सगळं फुगतं. माझा होज फुगला त्यामागं असंच कुणीतरी कधीतरी चुकीचं तेल ओतलं असावं, असा आबांचा संशय आहे. धुवायला ब्रेक ऑइलच, किंवा मेथिलेटेड स्पिरिट.

नवे पॅड घेताना "रेसिंग" लिहिलेले कडक पॅड घेऊ नका. ते तापल्यावर धरतात, आणि बाजारातून दूध आणायला जाताना ते कधी तापतच नाहीत. मऊ, साधे घेतले. मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 20 पर्यंत, सावकाश, आठ-दहा वेळा, मधे थंड होऊ देत बसवून घेतले. पहिले दोन दिवस करकरले, मग गप्प.

दोष कुठल्या बाजूला आहे ते होज दाबून शोधायची एक परीक्षा राहिली. गोल दांड्याचा क्लॅम्प घेऊन तिन्ही होज हलके दाबायचे आणि पेडल बघायचं. तरीही खाली जात असेल तर दोष मास्टरचा. दगड झालं तर एकेक क्लॅम्प सोडायचा. जो सोडल्यावर पेडल खचेल, दोष त्या बाजूला. दातेरी पकड लावू नका, मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा. पन्नास वर्षांच्या होजवर तर करूच नका, परीक्षेतच फुटेल. मी नवे होज आल्यावर एकदा करून पाहिली, मास्टर पास झाला. म्हणजे त्या मोठ्या गॅरेजनं टाकलेलं किट मुळात लागतच नव्हतं.

या मेमध्ये पुन्हा औट्रम घाट उतरलो, पुतण्याला घेऊनच. चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना, म्हणजे दुसरा, वरूनच टाकून ठेवलेला. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी सोय) नाही, आयत्या वेळी तो पडत नाही. ब्रेक टेकवून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. पायथ्याला बंदूक लावली: डावी डिस्क 118, उजवी 112. पेडल वर.

हँडब्रेक अजून सहा-सात टिक वर येतो. केबलच्या मधल्या, ग्रीस भरायच्या निपलशी माती घट्ट बसली आहे. ते काम रविवारी.